पोलिसांविरुद्ध तक्रार आणि भरपाईचा दावा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पोलिसांच्या वागणुकीविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि पोलीस ठाण्यांची नावे गाळली असून मजकूर आवश्यक तेवढाच ठेवला आहे. उत्तरे महाराष्ट्रातील कायद्यापुरती आहेत. गोव्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम लागू नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांनी येथे दिलेल्या मुदती आपल्यालाही लागू आहेत असे धरून चालू नये.

प्रश्न : माझा २४ वर्षांचा मुलगा शेती करतो. विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्याच्या प्रकरणात ‘चौकशीला ये’ असे तोंडी सांगून त्याला ठाण्यात बोलावले, दोन रात्री तिथेच ठेवले, तळपायांवर पट्ट्याने मारले आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिले. अटक दाखवलेली नाही, त्याच्यावर गुन्हाही नाही. सुटल्यावर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात दाखवले, तो केसपेपर जपून ठेवला आहे. पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिला. चौकशी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे आहे, एवढेच सांगतात. या गोष्टीला चार महिने झाले. चौकशीचा निकाल लागू द्या, मग भरपाईचा दावा लावा, असे गावातले जाणकार म्हणतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : बरोबर नाही. पोलिसांविरुद्धचे दिवाणी दावे बुडण्यामागे माझ्या पाहण्यात तरी सर्वांत मोठे कारण हाच सल्ला आहे. अधीक्षकांकडील अर्ज, पोलीस तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग, फौजदारी फिर्याद आणि दिवाणी दावा हे निरनिराळे मार्ग आहेत, आणि एका ठिकाणी चौकशी चालू आहे म्हणून दुसऱ्या ठिकाणची मुदत थांबत नाही. खात्याची चौकशी दोन वर्षे रेंगाळली आणि शेवटी तुमच्या बाजूने निकाल लागला, तरी तोवर दावा मुदतबाह्य झाला असेल तर त्या निकालाचा भरपाईसाठी फारसा उपयोग उरत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम १६१ नुसार, पोलीस अधिकाऱ्याने कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा त्या कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. त्याच कलमानुसार दाव्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि ती कधी व कशी बजावली हे दाव्याच्या अर्जात नमूद करावे लागते. याशिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८० राज्य सरकारला आणि सरकारी अधिकाऱ्याला दोन महिन्यांची नोटीस सक्तीची करते. तुमचे चार महिने गेले आहेत आणि दोन महिने नोटिशीत जाणार आहेत. म्हणजे नोटीस याच आठवड्यात निघाली पाहिजे. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळण्याची सोय मुदत कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे, परंतु तिच्यावर विसंबून दिवस काढू नयेत, कारण तिच्या लागूपणावरच वाद घातला जातो आणि त्या वादात वर्षे जातात. फारच निकड असेल तर नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी दावा लावू देण्याची परवानगी कलम ८० च्या पोटकलम (२) खाली न्यायालयाकडे मागता येते.

दोन्ही कलमांचा उल्लेख असलेली एकच नोटीस चालते. राज्य सरकारसाठी ती सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचवावी, आणि मारहाण करणाऱ्या व ठेवून घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ती वेगळी द्यावी. मुलाचे नाव, पत्ता, तारीख आणि वेळेसह घडलेला प्रकार, आणि मागणीची रक्कम एवढे तरी त्यात आलेच पाहिजे. ‘अमानुष अत्याचार केले’ यासारख्या वाक्यांपेक्षा ‘अमुक तारखेला रात्री दहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराच्या खोलीशेजारील खोलीत’ हे वाक्य न्यायालयात अधिक टिकते.

आता मुदतीच्या प्रश्नाची दुसरी बाजू. पोलिसांनी संशयिताला मारणे आणि डांबून ठेवणे हे कर्तव्याच्या नावाखाली केलेले कृत्य मुळात ठरते का? सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात महाराष्ट्रातूनच गेलेल्या ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम’ या फौजदारी प्रकरणात ते तसे ठरत नाही असे म्हटले, कारण जबाब काढण्यासाठी मारहाण करण्यास कायद्याने पोलिसांना मनाई केलेली आहे आणि जे कृत्य निषिद्ध आहे त्याचा कर्तव्याशी संबंध जोडता येत नाही. या निर्णयाच्या आधारे तुमच्या वकिलांना सहा महिन्यांची अट लागूच नाही असा युक्तिवाद करता येईल, आणि तो भक्कम आहे. तसे झाले तरी बेकायदा कैदेबद्दलच्या भरपाईला मुदत कायद्यात एकच वर्ष दिलेले आहे. माझे मत असे की हा युक्तिवाद राखून ठेवावा आणि दावा मात्र सहा महिन्यांच्या आतच लावावा. मुदतीच्या मुद्द्यावर जिंकण्यापेक्षा तो मुद्दा उपस्थितच न होणे केव्हाही स्वस्त पडते.

पुराव्याचे म्हणाल तर तुमच्याकडे त्याच दिवशीचा केसपेपर आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. पोलिसांच्या धाकाने घरी हळद-तेल लावून बसणाऱ्यांकडे पुढे दाखवण्यासारखे काही उरत नाही. रुग्णालयातील मूळ नोंदवहीत काय लिहिले आहे, जखमांचे कारण म्हणून ‘पोलिसांची मारहाण’ असे नोंदवले आहे की नुसतेच ‘पडल्याने’, हे आत्ताच पाहून तिची प्रमाणित प्रत घ्यावी. दोन रात्रींत ठाण्यावर डबा घेऊन कोण गेले, ‘पोराला कधी सोडणार’ म्हणून कोणी फोन केला, सरपंच किंवा पोलीस पाटील भेटले का, या सर्वांची नावे व वेळा लिहून काढा. मुलाचा मोबाइल त्याच्याजवळ असेल तर तो कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता ही माहिती न्यायालयामार्फत मागवता येते. कोठडीतील छळाचा प्रत्यक्षदर्शी पुरावा क्वचितच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध श्यामसुंदर त्रिवेदी’ या १९९५ च्या निकालात स्पष्ट सांगितले आहे. शिवाय दिवाणी दाव्यात संशयातीत सिद्धतेची गरज नसते. कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते.

सरकार पक्षकार असलेला दावा सर्वसाधारणपणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात लागतो. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरावे लागत असल्याने आकडा फुगवू नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत, तिथून वकील मिळतो.

दाव्याऐवजी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून भरपाई मागण्याचा मार्गही आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र ज्या प्रकरणांत घटना कागदोपत्री उघड असतात तिथेच उच्च न्यायालय थेट रक्कम मंजूर करते. तुमच्या प्रकरणात ‘तो ठाण्यात आलाच नव्हता’ असा पवित्रा पोलीस घेतील. असा तथ्यांचा वाद उभा राहिला की साक्षीपुराव्यासाठी दिवाणी न्यायालयात जा, असे सांगितले जाण्याचा संभव बराच आहे.

फौजदारी बाजूने, कबुलीजबाब काढण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. त्याची फिर्याद दाव्याबरोबर चालू शकते, आणि तिच्या निकालासाठीही दावा थांबवू नये.

प्रश्न : मी शहरात एकटी राहते. शेजाऱ्याने घरात घुसून धमकावल्याची फिर्याद द्यायला गेले असता ठाण्यातील अधिकाऱ्याने ती घेतली नाही, नुसती एनसी लिहून दिली, आणि सर्वांसमोर माझ्या चारित्र्यावरून बोलले. पोलीस आयुक्त, पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग यांपैकी कोठे जावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्यांची ठिकाणे वेगळी आहेत.

फिर्याद न घेण्याच्या तक्रारीसाठी सर्वांत जवळचा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. फिर्यादीचा मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तालयाकडे, टपालाने पाठवावा. त्यानंतरही दखल घेतली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय करता येतो अशा गुन्ह्याची, माहिती मिळाल्यावर फिर्याद नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘ललिता कुमारी’ प्रकरणात २०१३ साली ठरवून दिले आहे. घरात घुसणे हा दखलपात्र गुन्हा आहे आणि एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद असते; त्यामुळे ती लिहून दिली म्हणजे पोलिसांचे काम झाले, असे होत नाही. त्या एनसीची प्रत मात्र सांभाळून ठेवा. आपण त्या दिवशी ठाण्यात गेला होता, याचा तो पोलिसांनीच दिलेला पुरावा आहे.

अपमानास्पद बोलण्याची तक्रार प्रथम आयुक्तांकडे द्यावी. तिच्यावर प्राथमिक चौकशी होऊन कसुरी अहवाल (कर्तव्यातील कसुरीची लेखी नोंद), ताकीद, वेतनवाढ रोखणे, किंवा गंभीर बाब असेल तर विभागीय चौकशी, असा क्रम असतो. खाते आपल्याच माणसाची चौकशी करते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही ही पायरी गाळू नये, कारण पुढे जिथे जाल तिथे ‘वरिष्ठांकडे गेला होता का’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो.

पोलीस तक्रार प्राधिकरण हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील ‘प्रकाश सिंह’ निर्णयातून आले. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून त्याची तरतूद केली. निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीश राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि विभागीय पातळीवरही प्राधिकरणाची तरतूद आहे. त्याच्याकडे कोणत्या तक्रारी जातात हे कायद्यानेच सांगितले आहे : कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, विहित कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणे, आणि कायद्याचे गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा गैरवापर. आपली तक्रार शेवटच्या प्रकारात बसवता येईल, पण केवळ उर्मटपणा म्हणून मांडली तर ती बाजूला पडेल. ‘दखलपात्र गुन्ह्याची माहिती देऊनही अधिकाराचा गैरवापर करून फिर्याद नाकारली, आणि नाकारताना असे असे उद्गार काढले’, अशी तिची मांडणी हवी. प्राधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, परंतु त्याचा अहवाल राज्य सरकारकडे जातो आणि पुढची कारवाई सरकारच्या हाती असते. भरपाईची रक्कम थेट हातात पडेल या अपेक्षेने तिथे जाऊ नये.

मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. आयोग भरपाईची शिफारस करू शकतो. न्यायप्रविष्ट बाब आयोग सहसा हातात घेत नाही, त्यामुळे पुढेमागे न्यायालयात जाण्याचा विचार असेल तर आयोगाकडील अर्ज आधी करावा. वर सांगलीच्या वाचकांना सांगितलेल्या नोटिशीच्या दोन महिन्यांचा असा उपयोग करून घेता येतो.

प्रश्न : दावा जिंकलाच, तर पैसे तो अधिकारी स्वतःच्या खिशातून देतो की सरकार देते? सरकार देत असेल तर त्याला धडा कसा मिळणार?
— एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : बहुतेक वेळा सरकार देते. सोलापुरात एका कच्च्या कैद्याला बेड्या घालून रस्त्यातून फिरवल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस निरीक्षकाला १०,००० रुपये देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली भरपाई कायम ठेवली, मात्र ती निरीक्षकाने व्यक्तिशः न देता राज्य सरकारने द्यावी असे ठरवले.

सरकारची ही जबाबदारीसुद्धा सहज मान्य झालेली नाही. ‘कस्तुरीलाल’ प्रकरणात मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले एका सराफाचे सोने हवालदाराने मालखान्यातून पळवले, आणि तो पाकिस्तानात निघून गेला. पोलिसांचे काम हे सार्वभौम, म्हणजे राज्यसत्तेच्या अधिकारातले असल्याने सरकार भरपाईला बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या सुमारास म्हटले. हा निर्णय आजही औपचारिकरीत्या रद्द झालेला नाही आणि सरकारी वकील तो अधूनमधून बाहेर काढतात. मूलभूत हक्कांच्या भंगापुरती त्याची धार मात्र बोथट झाली आहे. १९८३ च्या ‘रुदल साह’ प्रकरणात निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली, आणि १९९३ च्या ‘नीलाबती बेहेरा’ प्रकरणात कोठडीत मरण पावलेल्या तरुणाच्या आईला दीड लाख रुपये देताना, अशा प्रकरणांत सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले.

धड्याविषयी बोलायचे तर सरकारने दिलेली रक्कम त्याला अधिकाऱ्याकडून वसूल करता येते. १९९० च्या ‘सहेली’ प्रकरणात पोलिसांच्या मारहाणीत मरण पावलेल्या मुलाच्या आईला ७५,००० रुपये देण्याचा आदेश देताना न्यायालयाने दिल्ली प्रशासनाला तशी मुभा दिली होती. म्हणूनच दाव्यात सरकारबरोबर अधिकाऱ्याला व्यक्तिशः, नावानिशी प्रतिवादी करावे आणि वसुलीची मागणी स्वतंत्र लिहावी. मागितलीच नाही तर न्यायालय ती आपण होऊन देईलच असे नाही. जाता जाता एक गोष्ट : पुरेशा कारणाशिवाय एखाद्याला अटक करवणाऱ्याकडून भरपाई देववण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ मध्ये आहे, आणि तिची कमाल मर्यादा २०२३ साली नवा कायदा करतानाही १,००० रुपयेच ठेवण्यात आली आहे.

प्रश्न : माझ्या भावावर चोरीचा खोटा गुन्हा दाखल झाला. तीन वर्षांनी तो निर्दोष सुटला, नोकरी मात्र गेली. तपास अधिकाऱ्यावर दावा लावता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : लावता येईल, पण निर्दोष सुटका एवढ्यावर तो जिंकता येणार नाही. द्वेषमूलक खटल्याच्या दाव्यात, खटला त्या अधिकाऱ्याने चालवला किंवा चालवायला लावला, तो आरोपीच्या बाजूने संपला, त्याला वाजवी आधार नव्हता, त्यामागे द्वेषबुद्धी होती आणि त्यातून नुकसान झाले, हे सर्व वादीला सिद्ध करावे लागते. यांपैकी द्वेषबुद्धी सिद्ध करणे सर्वांत अवघड असते. निकालपत्र बारकाईने वाचा. ‘संशयाचा फायदा देऊन’ सोडले असेल तर दावा कमकुवत आहे. पंचनामा बनावट होता किंवा पंच घटनास्थळी नव्हतेच, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला असेल तर तो पाया होऊ शकतो.

मुदत कायद्यानुसार अशा दाव्याला सुटकेपासून एक वर्ष मिळते. मात्र येथेही पोलीस अधिनियमाचे कलम १६१ आडवे येते, आणि मारहाणीपेक्षा येथे ते अधिक घट्ट बसते : खोटा पंचनामा आणि खोटा अहवाल तयार करणे हे कर्तव्याच्या नावाखालचे कृत्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच ‘विरुपाक्षप्पा’ प्रकरणात म्हटले आहे. म्हणजे ठाण्यात मारणारा शिपाई या कलमाच्या आश्रयाला येऊ शकत नाही आणि टेबलावर बसून खोटा कागद रंगवणारा येऊ शकतो. ही विसंगती मला पटत नाही, पण ती आहे असे धरूनच सुटकेच्या निकालानंतर पहिल्याच महिन्यात नोटीस पाठवावी.

चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ साली आपल्या २७७ व्या अहवालात केली. तो कायदा झालेला नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने इस्रोचे माजी शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना केरळ सरकारकडून ५० लाख रुपये देवविले. परंतु १९९४ च्या त्या हेरगिरी प्रकरणात आरोप निराधार असल्याचा अहवाल केंद्रीय अन्वेषण विभागाने स्वतःच दिला होता, हे त्या निकालाचा दाखला देताना विसरू नये.

प्रश्न : तक्रार केली तर पोलीस पुन्हा उचलतील किंवा चॅप्टर केस (शांतता राखण्याच्या नावाखालची प्रतिबंधक कारवाई) लावतील, अशी भीती वाटते.
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : भीती अनाठायी नाही. तक्रार हातोहात देण्याऐवजी नोंदणीकृत टपालाने, एकाच दिवशी अधीक्षक, प्राधिकरण आणि आयोग या तिघांकडे पाठवावी. त्यानंतर लगेच निघालेली प्रतिबंधक कारवाई सूडाची आहे, हे तारखांवरूनच दाखवता येते. चौकशीला तोंडी बोलावणे आले तर लेखी नोटीस मागावी आणि जाताना वकिलाला किंवा नातेवाइकाला बरोबर न्यावे. चॅप्टरची नोटीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून येते. ती दुर्लक्षित न करता तारखेला हजर राहून लेखी म्हणणे द्यावे आणि त्यासोबत आधीच्या तक्रारीची पोच जोडावी. खोट्या गुन्ह्यात अटकेची खरी शक्यता दिसत असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

प्रश्न : ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण कसे मिळवावे? माहिती अधिकारात मागितले तर ‘कॅमेरा बंद होता’ असे उत्तर आले.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, निरीक्षकांची खोली, ठाणे अंमलदाराची जागा अशा सर्व ठिकाणी कॅमेरे असावेत आणि चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जतन करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी ‘परमवीर सिंह सैनी’ प्रकरणात दिला आहे. कॅमेऱ्यांची देखभाल, चित्रीकरणाचा साठा आणि बिघाड दुरुस्त करून घेणे ही ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. तेव्हा ‘बंद होता’ या उत्तराने विषय संपत नाही. कॅमेरा कोणत्या तारखेपासून बंद होता, बिघाडाची नोंद कोणी केली, दुरुस्तीसाठी कोणाला कळवले आणि त्या पत्राचा जावक क्रमांक काय, अशी माहिती नव्या अर्जात मागावी. बिघाडाची एकही नोंद नसेल तर तीच गोष्ट पुढे आपल्या बाजूने बोलते.

ठाण्यात बळाचा वापर होऊन गंभीर दुखापत झाली असेल तर मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते आणि आयोगाने चित्रीकरण ताबडतोब मागवून सुरक्षित ठेवावे, असेही त्या निकालात आहे. म्हणून आयोगाकडील अर्जात घटनेची तारीख आणि वेळ देऊन ही विनंती पहिल्याच परिच्छेदात लिहावी. माहिती अधिकाराच्या उत्तराविरुद्ध ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. त्यासाठी महाराष्ट्रात २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.